चिठ्ठी लिहिण्याआधी एकदा बघा

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी सर्जरीच्या ओपीडीत परिचारिका आहे. पडद्यामागच्या तपासणीच्या टेबलाशी उभं राहायचं, पेशंटला कुशीवर वळवायचं, अंगावर चादर ओढायची, डॉक्टरांच्या हातात ग्लोव्ह आणि जेली द्यायची, हे माझं रोजचं काम. या पत्रातलं बरंचसं मी त्या टेबलाच्या कडेला उभी राहून पाहिलेलं आहे. उरलेलं माझ्या घरात घडलं.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. शौचाच्या जागी रक्त, दुखणं, गाठ, खाज, पू किंवा पाणी येणं, यातली कोणतीही तक्रार घेऊन माणूस तुमच्यासमोर बसला, तर मलम किंवा गोळी लिहिण्याआधी ती जागा बघा.

आमच्याकडे नवीन पेशंट आला की सर्जन विचारतात, "आधी कुणी तपासलं होतं का?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, डॉक्टरांचं औषध चालू आहे." सर्जन पुन्हा विचारतात, "औषध झालं. पण तपासलं होतं का?" मग पेशंट अडखळतो. "नाही... मीच सांगितलं ना त्यांना, मूळव्याध आहे म्हणून." आजाराचं नाव पेशंटने सांगितलं, डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर उतरवलं आणि औषध सुरू झालं. ताप आला म्हणून कुणी स्वतःहून टायफॉइड सांगितला, तर तुम्ही त्याच्या शब्दावर औषध देत नाही. मग याच एका जागेबद्दल पेशंटचा शब्द शेवटचा कसा धरता?

मूळव्याध हे आता आपल्या बोलण्यात एकाच आजाराचं नाव राहिलेलं नाही. कोंब, म्हणजे गुदद्वारातल्या फुगलेल्या शिरा, ही खरी मूळव्याध; पण कोंब असोत, फिशर म्हणजे कातडीची चीर असो, भगंदर, गळू, चामखीळ, नुसती लोंबती कातडी किंवा कॅन्सरची गाठ असो, सगळ्यांना लोक मूळव्याधच म्हणतात. 'मला मूळव्याध आहे' म्हणजे 'मला तिथे काहीतरी होतंय', एवढाच त्याचा अर्थ. त्या 'काहीतरी'ला नाव देणं तुमच्या हातात आहे, आणि पाहिल्याशिवाय ते देता येत नाही.

माझा दादा ४३ वर्षांचा होता तेव्हा त्याला शौचातून रक्त जायला लागलं. लालभडक रक्त, दुखणं अजिबात नाही. त्याने डॉक्टरांना दाखवलं. 'दाखवलं' हा त्याचा शब्द. खरं तर फक्त सांगितलं होतं. खुर्चीत बसून, दाराकडे बघत, खालच्या आवाजात. मलम मिळालं, पोट साफ होण्याची पावडर मिळाली. रक्त थांबलं, तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं. पुन्हा तेच मलम. मग दुसरे डॉक्टर, दुसरं मलम. मला तो फोनवर एवढंच म्हणाला, "मूळव्याधीचा त्रास आहे गं, औषध चालू आहे." मी विचारलं, कोणतं औषध? रोज लोकांना तपासताना बघणारी मी, मलाही 'तुला कुणी तपासलं का' हे विचारायचं सुचलं नाही. ते माझ्या मनातून जात नाही.

अकरा महिने असे गेले. मग वहिनीने सांगितलं की तो दिवसातून सात-आठ वेळा जातो, प्रत्येक वेळी पोट साफ झालं नाही असं म्हणतो आणि जिना चढताना थांबतो. मी त्याला ओढतच आमच्या ओपीडीत आणलं. सर्जननी बोट घातलं आणि दोन पेरांच्या आतच त्यांचा हात थांबला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं ओळखते, त्यामुळे मला काही विचारावं लागलं नाही. गाठ गुदद्वाराच्या कडेपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर होती. तिथे पोचायला मशीन लागत नाही, भूल लागत नाही, अपॉइंटमेंट लागत नाही. एक ग्लोव्ह, थोडी जेली आणि एक मिनिट लागतं.

अकरा महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही, आणि मीही सांगत नाही. पण मलाशयाचा कॅन्सर आतड्याच्या भिंतीबाहेर पसरण्याआधी सापडला तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ९० टक्के असतं, आणि लांबच्या अवयवांत पोचल्यावर ते २० टक्क्यांच्याही खाली येतं, हे तुम्ही माझ्याआधी शिकलेले आहात. दादाची गाठ शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेली होती. रेडिएशन, केमो आणि मोठं ऑपरेशन झालं. आता त्याच्या पोटावर मल गोळा करणारी कायमची पिशवी आहे.

त्या डॉक्टरांवर मी चिडून लिहीत नाही. रक्त जातंय पण दुखत नाही, म्हणजे कोंब असणार, हा त्यांचा अंदाज दहातल्या बहुतेक वेळा बरोबर आला असता. अडचण अशी की आतल्या कोंबांची आणि गाठीची सुरुवात बाहेरून अगदी सारखी दिसते. गुदमार्ग तीन-चार सेंटिमीटरचा. त्याच्या साधारण मध्यावर, बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर मिळतात तिथे, ती दातेरी रेषा असते. तिच्या खालची कातडी सुई टोचली तरी कळवळते, वरच्या अस्तराला तशी वेदनाच कळत नाही. म्हणून आतले कोंब न दुखता रक्त टाकतात, आणि त्यांच्या वरची गाठही न दुखताच रक्त टाकते. आतले कोंब सुकून गळावेत म्हणून त्यांना रबर बँड लावता येतो तो याच कारणाने. पेशंटला कळ येत नाही, आठ-दहा दिवसांत बँड गळून जातो. जी गोष्ट उपचार सोपा करते तीच निदान लपवते. 'दुखत नाही' यावरून धीर देता येत नाही तो म्हणूनच.

रक्त थांबलं म्हणजे आजार बरा झाला असंही नाही. गाठीतून येणारं रक्त मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. दादाचं प्रत्येक वेळी मलमानंतर थांबलं होतं, म्हणून तर सगळ्यांना मलम लागू पडतंय असं वाटलं. शिवाय कोंब इतके सर्रास आढळतात की एकाच माणसाला कोंब आणि गाठ दोन्ही असू शकतात. कोंब दिसले म्हणून शोध थांबवू नका, ही विनंती त्या डॉक्टरांना, जे बघतात पण वरवर बघून थांबतात. बोटाला साधे आतले कोंब बहुतेकदा लागतच नाहीत, ते मऊ असतात, दाबले जातात. ते बघायला प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत बघायची छोटी नळी, लागते. बोटाने शोधायची ती गाठ, जखमेचा कडक काठ, पुवाची ठणकती जागा. आणि बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंतच पोचतं. त्यामुळे बोटाला काही लागलं नाही तरी रक्त जातच असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरलं असेल, हिमोग्लोबिन खाली आलं असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर पुढे कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासायला, पाठवायलाच हवं. कोंबांमुळे रक्त कमी झालं असं गृहीत धरून नुसत्या लोहाच्या गोळ्या चालू करणं, हेही मी खूपदा पाहिलं आहे.

"या वयात कॅन्सर कुठला?" हे दादाला दोन्ही ठिकाणी ऐकायला मिळालं. हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. अमेरिकेतल्या नोंदींवरून दिसलं आहे की १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात मलाशयाच्या कॅन्सरचा धोका १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या चौपट आहे. तिथे कोणताही त्रास नसणाऱ्यांची नेहमीची तपासणीही २०२१ पासून पन्नासऐवजी ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगतात. ज्याला आधीच रक्त जातंय त्याला तर वयाचा हिशोब लावायचाच नाही.

तुम्ही का बघत नाही, याची कारणं मला माहीत आहेत, आणि ती सगळीच खोटी नाहीत. बाहेर पंचवीस माणसं ताटकळत असतात. आडोसा नसतो. बाई पेशंट असेल तर सोबत बाई कर्मचारी नसते. पेशंट स्वतःच म्हणतो, "नको डॉक्टर, औषध द्या." 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण आपण हसत म्हणतो, पण ज्या माणसाने ती पहिल्यांदा म्हटली त्याचे हाल मला रोज टेबलावर दिसतात. वैद्य समोर असूनही दाखवता येत नाही, एवढंच त्या म्हणीत आहे. आणि खरं सांगायचं तर अवघडलेपण दोन्ही बाजूंना असतं. पेशंट 'नको' म्हणाला की डॉक्टरांनाही जरा सुटल्यासारखं वाटतं. ती सुटका पेशंटला महाग पडते.

तपासायचं कसं, हे तुम्हाला सांगण्याची माझी पात्रता नाही. पण ते पेशंटच्या बाजूने कसं असतं, हे मी सांगू शकते.

डाव्या कुशीवर वळलेल्या माणसाला डॉक्टर दिसत नाहीत. त्याला भिंत दिसते. मागे काय चाललंय हे त्याला फक्त आवाजांवरून कळतं: ग्लोव्हचा रबर ओढल्याचा, डब्याचं झाकण उघडल्याचा. हाताची मूठ उशीच्या कोपऱ्यावर आवळलेली असते. आमच्याकडचे एक सर्जन प्रत्येक पाऊल आधी बोलतात. "आता चादर बाजूला करतोय. आता फक्त बघतोय, हात लावत नाही. आता बाहेरून हात लागेल. आता गार लागेल, ती जेली आहे. आता शौचाला बसल्यासारखा थोडा जोर करा." जोर केला की स्नायू सैल पडतो आणि बोट सहज जातं, हे तुम्हाला माहीत आहे, पण पेशंटला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की त्याला न सांगता काहीच होत नाहीये. दर वाक्याला ती मूठ थोडी थोडी सुटताना मी पाहिली आहे. शेवटी ते म्हणतात, "दुखलं तर 'थांबा' म्हणा, मी थांबतो." आणि खरंच थांबतात. बहुतेक पेशंट कपडे सावरताना विचारतात, "झालं? एवढंच?" त्या 'एवढंच'साठी कुणी सहा महिने, कुणी दोन वर्षं लांबणीवर टाकलेलं असतं.

दुसऱ्या एका ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, पडदा अर्धा उघडा ठेवून आणि एक शब्द न बोलता एका बाईची हीच तपासणी होताना मी पाहिली आहे. ती बाई पुन्हा आली नाही. तिला फिशर होतं, साधं, सहा-आठ आठवड्यांत बरं होणारं.

फिशरचं थोडं सविस्तर लिहिते, कारण चुकीचं मलम सगळ्यात जास्त याच लोकांच्या नशिबी येतं. काच कापत गेल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास आग, पुसताना रक्ताची रेघ. पेशंट जायलाच घाबरतो, अडवून धरतो, मल आणखी कडक होतो, जखम पुन्हा फाटते. आतला स्नायू आवळून बसलेला असतो, त्यामुळे जखमेला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती भरत नाही. तिथे स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम लागतं, भरपूर पाणी आणि चोथा लागतो, कोमट पाण्यात बसणं लागतं. यातलं बरंच काही न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं मूळव्याधीचं मलम महिनोन् महिने चोळायला दिलं, तर जखम तिथेच राहते आणि भोवतीची कातडी मात्र पातळ होते. ती मलमं आठवड्याभरापुरतीच असतात. हे फिशर ओळखायला बोट घालायचीही गरज नसते. उलट ताज्या फिशरमध्ये बोट घालण्याचा हट्ट करूच नये. दोन्ही बाजू हलक्या हाताने दूर केल्या, नीट उजेड पाडला की ती चीर समोर दिसते, बहुधा मागच्या मध्यरेषेवर. आतली तपासणी दुखणं उतरल्यावर करता येते. चीर मध्यरेषा सोडून बाजूला असेल, तर क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार), क्षयरोग, सिफिलिस किंवा कॅन्सरचा विचार करायचा असतो. आता सांगा, हे टेबलापलीकडे बसून कसं कळणार?

गळवाचं तर याहून तातडीचं आहे. ठणका, ताप, बसता न येणं. अँटिबायोटिक देऊन 'पिकू दे' म्हणून थांबवलेले पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा पू मांडीच्या बाजूला सरकलेला असतो. मधुमेह्याच्या बाबतीत असा थांबण्यात गेलेला एक दिवसही जिवावर बेतू शकतो. पू झाला असेल तर तो त्याच दिवशी काढायचा. त्यानंतरही बऱ्याच जणांना पुढे भगंदर होतं. 'फोड येतो, फुटतो, बरं वाटतं, परत येतो' असं पेशंट सांगतो ते तेच असतं.

आणखी काही माणसं आहेत जी तुमच्याकडे येऊन खरी तक्रार सांगतच नाहीत. बाळंतपणानंतर गॅस किंवा मल रोखता न येणाऱ्या बायका. बाळंतपणात स्नायू फाटलेला असू शकतो, पण त्या 'बाळ झालं की असं होतंच' म्हणून वर्षानुवर्षं पॅड वापरतात. तुम्ही स्वतःहून विचारलं तरच त्या बोलतात. आणि ज्यांचे गुदमैथुनाचे संबंध आहेत, ते पुरुष आणि स्त्रियाही. त्यांना गनोरिया, क्लॅमिडिया, हर्पीस यांच्यामुळे मलाशयाला सूज येऊन पू आणि रक्त जाऊ शकतं. हे ओळखलं तर औषधाने आटोक्यात येतं. पण विचारताना कपाळावर आठी दिसली तर तो माणूस 'काही नाही, मूळव्याध' म्हणून उठून जातो. गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी जवळजवळ नव्वद टक्के एचपीव्ही विषाणूशी जोडलेले असतात, आणि हा कॅन्सरही सुरुवातीला कोंबासारखा किंवा न भरणाऱ्या जखमेसारखाच दिसतो. नॉर्मन नायग्रो या सर्जनने १९७४ मध्ये दाखवून दिल्यापासून त्यावर रेडिएशन आणि केमो एकत्र देतात, आणि बहुतेकांचा गुदद्वाराचा स्नायू शाबूत राहतो, पिशवी टळते. अट एकच, वेळेत सापडायला हवा.

आपल्या वैद्यकात हे बघणं नवं नाही. सुश्रुताने अर्श, म्हणजे मूळव्याध, आणि भगंदर यांची वेगवेगळी प्रकरणं लिहिली. अर्शाच्या तपासणीसाठी गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांबीचं यंत्र सांगितलं, आणि त्यातही दोन प्रकार केले: दोन छिद्रांचं बघण्यासाठी, एका छिद्राचं उपचारासाठी. बघण्याला स्वतंत्र यंत्र. ना विजेचा दिवा, ना ग्लोव्ह, तरीही.

तुम्हाला जमेल तेवढंच मागते. दवाखान्यात एक टेबल, एक पडदा, एक धुतलेली चादर आणि हाताशी जेली ठेवा. बाई पेशंटसाठी, आणि मागितलं तर पुरुषांसाठीही, सोबत कुणी उभं राहील अशी सोय करा. तक्रार सांगितल्यावर पेशंट गप्प झाला, तर तुम्ही म्हणा, "मला बघावं लागेल, एक मिनिट लागेल, दुखलं तर लगेच थांबेन." तो 'आज नको' म्हणाला तर जबरदस्ती नको, पण पुढची तारीख द्या आणि त्या दिवशी आठवण करा. तुम्हाला स्वतःला बघणं शक्यच नसेल तर सर्जनकडे पाठवा, आणि चिठ्ठीवर 'मूळव्याध' लिहू नका. 'रक्त जाण्याची तक्रार, गुदतपासणी झालेली नाही' असं लिहा. ते एक वाक्य पुढच्या डॉक्टरला जागं करतं. दादाच्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. दोन्हींवर एकच शब्द आहे, आणि दुसरा डॉक्टर पहिल्याचा तो शब्द वाचून पुढे गेला आहे.

मलम दिलंत तरी पेशंटला सांगा, "रक्त थांबलं तरी तीन आठवड्यांनी या." थांबलं नाही तर या, असं सगळेच सांगतात.

दादा आता ४७ वर्षांचा आहे. दर सहा महिन्यांनी तपासायला येतो आणि मी ड्यूटीवर असले तरी त्या वेळी दुसऱ्या सिस्टरला उभं करते, कारण त्याला माझ्यासमोर अवघडल्यासारखं होतं. मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी एक तरुण मुलगा बसला होता, सारखा उठून दाराकडे जाणारा. दादाने त्याला विचारलं, पहिल्यांदा आलास का? तो हो म्हणाला. आत काय करतात, त्याने विचारलं. दादाने त्याला सगळं सांगितलं, डावी कूस, चादर, गार जेली, जोर कधी करायचा तेही. मग नाव पुकारलं गेलं आणि तो मुलगा आत गेला.

आपली,
सर्जरी ओपीडीतली एक परिचारिका